पावतीमामा

मामांच्या घरी पावती नाही अशी वस्तू नाही. १९८७ साली घेतलेल्या प्रेशर कुकरची पावती त्यांच्याकडे आहे, कुकर नाही. तो केव्हाच कबाड्याला दिला, आणि त्या कबाड्याकडूनही मामांनी चिठोऱ्यावर 'कुकर मिळाला' असं लिहून घेतलं होतं. करोल बागेतलं भाड्याचं घर सोडून ते मयूर विहारच्या सोसायटीत राहायला आले तेव्हा एक ट्रंक नुसती पावत्यांची निघाली. सोसायटीच्या गणपतीचं खजिनदारपद गेली अकरा वर्षं त्यांच्याकडे आहे. दुसरं कुणी ते मागायला धजत नाही.

दिल्लीत पस्तीस वर्षं त्यांनी एका मंत्रालयात आवक-जावक पाहिली. तिथे त्यांना एक ज्ञान झालं. कागद कितीही खरा असो, वरून सही होऊन खाली येईपर्यंत तो खरा नसतो. निवृत्त झाल्यावर सही करणारे साहेब उरले नाहीत, पण ज्ञान उरलं. मग मामांनी 'वर' या जागेवर परदेशाची नेमणूक केली.

मामी चाळीस वर्षं त्यांना हळद घातलेलं दूध देत होती आणि ते नाक मुरडून पेला सरकवत होते. लंडनच्या कॅफेत तेच दूध पौंड मोजून पितात हे कळलं, त्या रात्री मामांनी स्वतःहून पेला मागितला. 'श्वास' त्यांनी पाहिला तो २००४ साली भारताकडून ऑस्करला निघाल्यावर. त्याआधी मामीने दोनदा सुचवून पाहिलं होतं. पण मामीचा शेरा म्हणजे खालचा शेरा; त्यावर फाईल हलत नाही. रविशंकरांची सतार त्यांच्या हिशेबात १९६७ साली माँटरेत वाजली, आणि 'पथेर पांचाली' १९५६ साली कान महोत्सवात तयार झाला.

या सगळ्या पावत्यांत त्यांची लाडकी पावती जर्मनीची. सर विल्यम जोन्सने १७८९ साली 'शाकुंतल' इंग्रजीत नेलं, फोर्स्टरने १७९१ साली ते जर्मनमध्ये नेलं, आणि ते वाचून कवी गटे ग्रंथ डोक्यावर घेऊन नाचला, ही कथा मामा दर दिवाळीला सांगतात. गटेने शाकुंतलावर चार ओळींची कविता केली हे खरं. नाचल्याची नोंद मात्र मला तरी कुठे सापडलेली नाही. एकदा तसं बोलून गेलो, तर मामा माझ्याकडे पावती हरवलेल्या माणसाकडे पाहावं तसे पाहत राहिले. "बेटा, जर्मन माणूस उगाच नाही नाचून घेत," ते म्हणाले. दिल्लीत चाळीस वर्षं काढलेलं मराठी असंच बोलतं.

कालिदासालाही परदेशी पावती लागली, तिथे रॉकवाल्यांची काय कथा. करोल बागेत मामा राहत होते तिथून जवळच खजूर रोड. त्या रस्त्यावरच्या १६/३३० नंबरच्या जुन्या घरात 'इंडियन ओशन' हा बँड कित्येक वर्षं तालीम करत असे. त्याच घरात त्यांची गाणी घडली. भाजीची पिशवी घेऊन मामा त्या रस्त्याने रोज जात, पण कान कोथिंबिरीच्या भावावर. २०१० साली बँडने त्या पत्त्याचंच नाव देऊन अल्बम काढला, दर महिन्याला एक गाणं फुकट वाटलं, तेव्हा मामांना कळलं की आपण इतकी वर्षं इतिहासाच्या दारावरून पडवळ घेऊन गेलो. तरी ते विरघळले नव्हते. विरघळले ते बँडचे गायक राहुल राम हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टरेट आहेत हे समजल्यावर. "कॉर्नेल!" मामा म्हणाले, आणि त्या दिवसापासून ते 'कंडिसा' ऐकू लागले. ते गाणं केरळच्या सीरियन ख्रिश्चनांच्या प्रार्थनेवरून आलेलं, भाषा अरामाइक, म्हणजे येशूच्या काळची. त्यातलं एक अक्षर मामांना कळत नाही आणि ते डोळे मिटून मान डोलावतात. शब्द कळत नसतील तर मामांची श्रद्धा जास्त बसते. अथर्वशीर्षाचंही तसंच आहे म्हणा.

आता 'ब्लडीवुड'कडे येतो, कारण मामांचं खरं प्रकरण तिथे सुरू होतं.

ही दिल्लीची पोरं. २०१६ साली करण कटियार आणि जयंत भडुला यांनी सुरू केलेला बँड. सुरुवातीला लोकप्रिय गाण्यांची मेटलमध्ये टवाळी करायचे. दलेर मेहंदींच्या 'तुनक तुनक तुन'लाही त्यांनी २०१८ साली गिटारींचा मारा करून सोडला. मग राऊल केर इंग्रजी रॅप घेऊन आला, ढोल आला, कटियारांची बासरी आली, आणि टवाळी बाजूला पडून स्वतःची गाणी सुरू झाली. हिंदी, पंजाबी, इंग्रजी सगळं एका कढईत. मी मामांना पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "सिलिंडरवाला जिन्यावरून पडून गेला का?" कटियार आधी वकील होते हे सांगून पाहिलं. त्याने उलटंच झालं. "वकिली सोडून दिली?" मामांनी विचारलं, आणि त्या आईवडिलांसाठी क्षणभर मौन पाळलं.

मामी आत भाजी चिरत होती. तिथूनच म्हणाली, "ढोल छान आहे हो." शेऱ्याची नोंद घेतली गेली नाही.

मग मी मामांना वाकनची चित्रफीत दाखवली.

उत्तर जर्मनीतलं वाकन हे दोनेक हजार वस्तीचं खेडं. गाईगुरं, मक्याची शेतं आणि दरवर्षी ऑगस्टमध्ये पाऊण लाखाहून जास्त काळे टी-शर्ट. १९९० पासून तिथे मेटल संगीताची जत्रा भरते. एवढ्या लोकांना टँकरने बियर पुरवून शेतांची वाट लागते म्हणून २०१७ साली त्यांनी जमिनीखालून बियरची नळवाहिनी टाकली. (आमच्या सोसायटीला अजून पाण्याचा टँकर लागतो. मामांनी हे वाक्य दोनदा ऐकवायला लावलं.) पाऊस आला की गुडघाभर चिखल, २०२३ साली तर चिखलापायी हजारो लोकांना वेशीवरूनच परत फिरावं लागलं. पुढच्या वर्षी तिकिटं पुन्हा संपली. मामी म्हणाली, "आषाढीसारखंच की." तर २०१९ साली आपल्या पहिल्याच परदेश दौऱ्यात ब्लडीवुड त्या चिखलाच्या पंढरीत उभे राहिले, आणि समोरचे जर्मन, ज्यांना 'आरी आरी'मधला एक शब्द कळण्याचं कारण नव्हतं, ते ढोल वाजताच असे काही उसळले की मामांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"जर्मन?" त्यांनी विचारलं.

"जर्मन."

"नाचून राहिलेत?"

"डोकं हलवताहेत, मामा. त्यात तसंच करतात."

मामा बराच वेळ गप्प होते. गटेने शाकुंतल डोक्यावर घेतलं होतं. यांनी डोकंच वाहिलं होतं. दोनशे अठ्ठावीस वर्षांनी त्याच खात्याकडून दुसरी पावती आली होती. "मी तर पहिल्याच दिवशी म्हणून दिलं होतं," मामा म्हणाले, "यांच्यात दम आहे."

त्यानंतर मामा थांबले नाहीत. २०२२ चा 'रक्षक' हा अल्बम पोरांनी कुठल्या कंपनीशिवाय स्वतःच काढला, हे त्यांनी मलाच सांगितलं. त्याच वर्षी जपानच्या फुजी रॉक महोत्सवात हे गेले आणि एका कार्यक्रमात जपानी लोक यांच्यावर भाळले. पुढे २०२४ मध्ये जपानच्या 'बेबीमेटल'बरोबर यांनी 'बेखौफ' केलं. जर्मनीपाठोपाठ जपान हे ऐकल्यावर मामा पटकन म्हणाले, "म्हणजे आता इटली," आणि स्वतःच दचकले.

इथे मला मामांची थट्टा करताना जरा अडखळायला होतं, कारण मीही त्याच पेढीचा गिऱ्हाईक. फरक एवढाच की माझी वाहतूक उलट दिशेची होती. कॉलेजात असताना पालिका बाजारातून घेतलेला, एका धुण्यात राखाडी झालेला 'मेटालिका'चा टी-शर्ट मी तीन वर्षं घातला. त्यांची गाणी मला पाठ होती, अर्थ विचाराल तर नापास. २८ ऑक्टोबर २०११ ला ते गुरुग्रामच्या लेझर व्हॅलीत येणार होते. त्या आठवड्यात ग्रेटर नोएडात देशातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत होती, म्हणून हे वऱ्हाडही आलेलं. पुढचा कठडा टिकला नाही, कार्यक्रम आधी लांबला, मग रद्द झाला, आणि चिडलेल्यांनी मंचावर चढून मोडतोड केली. मी मोडतोडीत नव्हतो; मी रडण्यात होतो. दोन दिवसांनी ते बंगळुरूला मात्र वाजवून गेले. गुरुग्रामच्या त्या संध्याकाळी हजारो पोरं दुसऱ्याच्या भाषेतला राग घशात घेऊन मेट्रोने घरी गेली. वाकनच्या चित्रफितीत चिखलाने माखलेला, हिंदीत ओरडणारा सोनेरी दाढीवाला दिसला तेव्हा मला तो ओळखीचा वाटला.

आधीही दिल्लीचे बँड बाहेर गेलेले आहेत. 'परिक्रमा'ने २००७ च्या मार्चमध्ये बंगळुरूत आयर्न मेडनच्या आधी वाजवलं आणि त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या डाउनलोड महोत्सवात हजेरी लावली. पण ते इंग्रजीत गायचे. पाहुण्याने यजमानाच्या भाषेत बोलावं तसं. ब्लडीवुडने पाहुणचाराची ही रीत मोडली. यांनी दिल्लीच्या गल्लीतली हिंदी तशीच नेली आणि यजमानांना ती पाठ करायला लावली. 'मची भसड' हे गाणं घ्या. भसड हा शब्द सभ्य कोशात शोधू नका. तो दिल्लीच्या चहाच्या टपरीवर मिळतो. आणि तो पाठ करून एक जर्मन आमच्या मामांच्या घरी जेवायला आला.

हा हॅम्बुर्गचा. आमच्या गुरुग्रामच्या कार्यालयात दोन महिन्यांसाठी आलेला. वाकन त्याच्या घरापासून मोटारीने तासाभरावर, आणि तिथल्या चिखलात त्याने २०१९ साली ब्लडीवुड समोरासमोर पाहिलेले. त्याचं नाव मामांच्या तोंडात बसेना. शेवटी त्यांनी त्याला 'मोक्षमूलर' म्हणायला सुरुवात केली. मॅक्स म्युलरने आपल्या ऋग्वेदाच्या आवृत्तीवर स्वतःचं नाव संस्कृतात असंच छापलं होतं. तो गृहस्थ जन्मात एकदाही भारतात आला नाही. तरी त्याच्या नावाचं भवन दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर आहे, नव्या महाराष्ट्र सदनाच्याच रस्त्यावर. मामांनी पाहुण्याला आधी सदनाच्या उपाहारगृहात नेऊन कोल्हापुरी थाळी खिलवली. तिखटाने त्याचे डोळे वाहू लागले तेव्हा तो म्हणाला, "आता 'तडका' कळलं." ते ब्लडीवुडचं खाण्यावरचं गाणं. मामांनी ते वहीत लिहून घेतलं, तारखेसकट.

दिल्ली पाहून मोक्षमूलर आधी हिरमुसला होता. गाण्यांवरून त्याने डोळ्यांपुढे जी दिल्ली उभी केली होती ती राष्ट्रपती भवनाच्या रस्त्यावर सापडेना. सगळं सरळ, हिरवं, गप्प. मग सायंकाळी साडेसहाला मामा त्याला राजीव चौकात मेट्रो बदलायला घेऊन उतरले. दोन गाड्यांची गर्दी एकमेकींत घुसली. मामा छातीशी पिशवी धरून "सॉरी, सॉरी" म्हणत होते. त्यांना देशाची लाज वाटत होती. मोक्षमूलर कोपरं उघडून, चेहरा वर करून, गर्दीने नेलं तिकडे जात होता. मंचापुढे लोक एकमेकांना अशीच धडक देतात, आणि पडलेल्याला लगेच हात देऊन उठवायचं असा तिथला नियम असतो. पलीकडे निघाल्यावर तो मामांना म्हणाला, "हे रोज असतं? तिकीट केवढ्याचं?"

मग एका दुपारी मामांच्या घरी जेवण झाल्यावर त्याने खिशातून छोटी वही काढली. गाण्यांचे शब्द कानाने ऐकून रोमन लिपीत उतरवलेले, पुढे प्रश्नचिन्हं. तो घसा साफ करून म्हणाला, "मची बसड."

मामांच्या चेहऱ्यावर वेदना उमटली. शब्दाची नव्हे, महाप्राण गेला त्याची. चाळीस वर्षं ते पंजाब्यांच्या 'पाई साब'ला पुरून उरले होते, जर्मनापुढे हार मानणार नव्हते.

"भ," मामा म्हणाले. "भटजीचा भ. पोटातून हवा."

"ब."

"भ! भाकरी, भोपळा, भगवंत!"

मोक्षमूलरचे डोळे एकदम चमकले. मेटलमध्ये गुरगुरून गातात तो आवाज पोटातूनच काढतात. मामा तेच शिकवताहेत असं त्याला वाटलं. आणि मग भर दुपारी, मयूर विहारच्या तिसऱ्या मजल्यावर, एक सत्तरीचा निवृत्त अधिकारी आणि एक तिशीचा संगणकवाला समोरासमोर बसून "भ... भ... भसड!" असे गर्जू लागले. मामी पळी घेऊन बाहेर आली. शेजारच्या सरदारजींनी दार वाजवून "सब ठीक है ना जी?" विचारलं. मामांनी त्यांनाही खुर्ची दिली, पण त्यांचा भ मुळातच पडेल निघाला.

अर्थावर गाडी अडली. भसड म्हणजे काय? मामांनी राडा, दंगा, धुमाकूळ असे तीन नमुने पुढे केले आणि मागे घेतले. शेवटी म्हणाले, "गोंधळ." आणि मग खुलासा केला, की आमच्याकडे लग्नकार्य झालं की गोंधळ्यांना बोलावून संबळ वाजवून रात्रभर गोंधळ घालतात, देवीसाठी. मोक्षमूलरने वहीत लिहिलं: भसड, धार्मिक विधी. मी तोंड उघडणार होतो, मामांनी डोळ्यांनी दटावलं.

पुढचं पान उलटून त्याने निरागसपणे विचारलं, "आणि बीएसडीके म्हणजे?" 'रक्षक'मध्ये 'बीएसडीके डॉट ईएक्सई' नावाचं एक गाणं आहे. दिल्लीच्या रस्त्यावर दर लाल दिव्याला ही चार अक्षरं सविस्तर ऐकू येतात. मामी समोर होती. मामांनी एक क्षणही घेतला नाही. "तो सरकारी विभाग आहे," ते म्हणाले. "बी म्हणजे ब्युरो." पस्तीस वर्षांची सेवा कामाला आली.

मोक्षमूलरच्या मुक्कामात गणपती आले. लहानपणी आरतीत कुणी वंदना नावाची बाई फळीवर बसलेली असते असं वाटणाऱ्या पिढीतले मामा. त्यांनी पाहुण्याला आदल्या रात्री आरतीही रोमन लिपीत उतरवून दिली. त्याने अर्थ विचारला, मामांनी उद्या सांगतो म्हटलं. आरतीच्या शेवटी सगळी मंडळी टाळ्या पिटत जागच्या जागी गिरकी घेऊ लागली तेव्हा मात्र त्याला काही विचारावं लागलं नाही. तो आपणहून फिरू लागला, फक्त चौपट वेगाने, आणि मोदकांची दोन ताटं वाचवावी लागली.

विसर्जनाला यमुनेत जाता येत नाही, सरकारने केलेल्या कृत्रिम तळ्यावर जायचं. ढोल-ताशा पथक मिळणं दुरापास्त, म्हणून आमचा ढोलवाला पंजाबी. लग्नात वाजवतो तेच वाजवतो आणि आम्ही त्यावर मोरया म्हणतो. दरवर्षी हे बघून मामांना कसनुसं व्हायचं. पुण्याचा ठेका नाही, नाशिकचा नाही. यंदा फाटकाशी ढोलावर पहिली काठी पडली आणि मोक्षमूलर थबकला. हाच ढोल त्याने वाकनच्या चिखलात ऐकला होता. त्याने शर्टाची वरची गुंडी सोडली, केस पुढे घेतले आणि गणपतीच्या टेम्पोसमोर कमरेत वाकून अशी मान झटकू लागला की पहिल्या रांगेतल्या जोशीकाकू मागे सरल्या. ढोलवाल्याला चेव आला. सोसायटीची पोरं त्याच्याभोवती गोल फिरू लागली. मामा पावतीपुस्तक काखेत धरून बाजूला उभे होते, आणि जर्मनाकडे पाहत होते. मग त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं, चष्मा खिशात ठेवला, आणि सत्तराव्या वर्षी, मानेच्या पट्ट्यासकट, ते आत शिरले.

तळ्यावरून परतल्यावर ढोलवाला हिशेबाला आला. ठरले होते साडेतीन हजार. तो मोबाईल पुढे करून म्हणाला, "अंकलजी, गोरे की वीडियो मुझे भेज दो. गाँव में दिखाऊँगा." आणि मग, मोबाईल खिशात घालत, "और अब रेट पाँच का है जी."

मामांनी पाच हजार मोजून दिले. पावती मागितली नाही. खजिनदार म्हणून ते पंधराशे पुढे कोणत्या खात्यात दाखवले मला माहीत नाही, 'ब्युरो' असावा.

मामी पायरीवर बसून चपला झटकत होती. "मी म्हटलं होतं ना," ती म्हणाली, "ढोल छान आहे." मामा मोक्षमूलरला पुढच्या वाकनचं तिकीट निवृत्तिवेतनधारकांना सवलतीत मिळतं का ते विचारत होते.